अंगठा आबाजींचा, मोबाईल नातवाचा

प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजुरी दिली. खेड्यापाड्यांतल्या ६ कोटी घरांत, घरटी एकाला तरी मोबाईल-संगणक चालवता यावा, हे उद्दिष्ट होते. २० तासांचा अभ्यासक्रम, शेवटी ऑनलाइन परीक्षा आणि प्रमाणपत्र. मार्च २०२४ मध्ये अभियान संपले तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोकांना शिकवून झाले होते, म्हणजे ठरवले त्याहून जास्तच. या आकड्याच्या मागे एक छोटी अट होती. शिकणाऱ्याचे वय १४ ते ६०. एकसष्टावे वर्ष लागले की माणूस या वर्गाच्या बाहेर.

अट घालणाऱ्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. घरातला एक शिकला की तो बाकीच्यांचे पाहील. पण गावाकडे मोबाईलवरून जी कामे करायची असतात ती घराच्या नावाने होत नाहीत, एकेका माणसाच्या नावाने होतात. तो माणूस बहुतेक वेळा कोण असतो, हे पाहायचे तर सातबारा उघडावा.

यवतमाळ जिल्ह्यातला केळापूर तालुका घेऊ. नाव केळापूरचे, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग तालुक्यातून जातो, पाटणबोरी ओलांडली की तेलंगणा. पिके कापूस, सोयाबीन, तूर. शेत मुलगा पाहतो, फवारणीचा पंप नातू पाठीला लावतो, पण सातबाऱ्यावर नाव पुष्कळ घरांत अजून आबाजींचेच असते. वाटणी झालेली नसते, किंवा झाली असली तरी फेरफार व्हायचा असतो. त्यामुळे सरकारी कामांची सगळी साखळी सत्तरीच्या माणसाच्या आधार क्रमांकाशी, त्याच्या अंगठ्याशी आणि त्याच्या नावाच्या सिमकार्डाशी येऊन थांबते.

खरिपाचे एक वर्ष डोळ्यांपुढे आणा. पीएम किसानचे २,००० रुपये दर चार महिन्यांनी यायचे तर ई-केवायसी हवी. कापूस उभा असताना ई-पीक पाहणी हवी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत आपल्या गटात उभे राहून, मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करावी लागते. नोंद झाली नाही तर पुढे कापूस हमीभावाने विकताना अडचण येते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि भारतीय कापूस महामंडळाला म्हणजे सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून विक्रीचा दिवस ठरवून घ्यायचा होता. घरातल्या आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळत असतील तर तेही आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. निवृत्त गुरुजींना नोव्हेंबरात हयातीचा दाखला. एवढे ओटीपी ज्या मोबाईलवर येतात, तो बरेचदा नातवाच्या खिशात असतो.

नातवाच्या खिशात असणे वाईट, असे माझे म्हणणे नाही. पंचाहत्तरीच्या माणसाने बांधावर उन्हात उभे राहून ॲपशी झटापट करावी, हा हट्ट कशाला? त्यासाठी गावोगाव पीक पाहणी सहायक नेमलेले आहेत. पीएम किसानची चेहरा दाखवून होणारी केवायसी जून २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा एक शेतकरी आपल्या मोबाईलवरून आणखी शंभर जणांची केवायसी करून देऊ शकेल, अशीच सोय ठेवली गेली. काम दुसऱ्याने करावे. पण आपल्या नावावर काय झाले, किती आले, किती गेले, हे आबाजींना स्वतः पाहता आले पाहिजे, आणि पटले नाही तर थांबवताही आले पाहिजे. साठीपुढच्या माणसाला मोबाईल शिकवायचा तर सुरुवात इथून व्हायला हवी. आपले सरकारी अभ्यासक्रम सुरू होतात ते यंत्राच्या भागांच्या ओळखीपासून.

शिकवण्याआधी शरीराचे थोडे समजून घ्यावे लागते, कारण जे ‘जमत नाही’ म्हणून सोडून दिले जाते त्यातले पुष्कळसे डोक्याचे नसते, बोटाचे नाहीतर डोळ्याचे असते.

अंगठा न लागणे ही केंद्रावरची रोजची तक्रार. बोटाच्या ठशात उंच रेषा असतात आणि मधे खाचा असतात. यंत्र या दोहोंतला फरक टिपते. वय वाढते तशी कातडी कोरडी आणि सैल होते, रेषांची उंची घटते. त्यात जन्मभराची मेहनत. विळ्याची मूठ, शेणामातीचे काम, सिमेंट, आणि कापूस वेचताना बोंडाची वाळलेली, काट्यासारखी टोके. रेषा झिजतात, त्यांवर आडव्या भेगा पडतात आणि आधारच्या नोंदीतला ठसा आजच्या बोटाशी जुळेनासा होतो. यावरचे उपाय साधे आहेत, पण कुणीतरी सांगावे लागतात. हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर असताना बोट ठेवायचे, जोर द्यायचा नाही. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, त्यामुळे अंगठ्याचाच हट्ट धरायचे कारण नाही. अनामिकेला किंवा करंगळीला कामाचा मार कमी बसलेला असतो. फारच झिजले असेल तर ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत. तेही जमेना तर चेहरा आहे. हयातीचा डिजिटल दाखला नोव्हेंबर २०१४ मध्ये आला तेव्हा बोट किंवा डोळ्याची बुबुळे एवढेच मार्ग होते. २०२१ मध्ये चेहऱ्याचा मार्ग उघडला. पोस्टमनही हा दाखला घरी येऊन काढून देतो, हे अजून अनेक निवृत्तांना ठाऊक नसते.

टचच्या मोबाईलचे दुखणे वेगळे. त्या काचेखाली विजेचे एक अतिशय क्षीण क्षेत्र असते. बोटात पाणी आणि क्षार असतात म्हणून ते टेकले की त्या क्षेत्रात फरक पडतो, आणि मोबाईलला स्पर्श कळतो. घट्टे पडलेले, कोरडे बोट हा फरक पुरेसा पाडत नाही. मग माणूस जोर लावतो, तरी होत नाही, म्हणून बोट तसेच दाबून धरतो. दाबून धरणे ही मोबाईलच्या लेखी वेगळीच आज्ञा असते. चित्र हलू लागते, भलतीच यादी उघडते, ॲप काढून टाकू का असे विचारले जाते. आबाजी घाबरून मोबाईल खाली ठेवतात आणि ‘मायाकडून बिघडला पाय’ म्हणतात. बिघडलेले काही नसते. सेटिंगमध्ये सुलभतेच्या सोयी असतात, त्यात ‘किती वेळ दाबले म्हणजे धरून ठेवले असे समजायचे’ ती वेळ वाढवता येते. अक्षरे मोठी करता येतात, कळांचा आवाज चालू ठेवता येतो. वय झालेल्या डोळ्याचे भिंग पिवळसर होते, निळा आणि जांभळा यांतला फरक पुसट होतो, म्हणून ‘निळ्या बटनावर दाबा’ या सूचनेपेक्षा ‘उजवीकडे खालच्या कोपऱ्यात’ ही सूचना बरी. मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग मोबाईल. शिकवणाऱ्याने पहिला तास या जुळवाजुळवीत घालवला तरी तो वाया जात नाही.

आता डोक्याचे. वयाबरोबर नवे काही चटकन लक्षात धरून ठेवण्याची शक्ती आणि वेग कमी होतो, हे खरे. शिकण्याची शक्ती संपते, हे खरे नाही. अमेरिकेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षांच्या लोकांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीसारखे शिवणकाम शिकवले. काहींना नुसत्या गप्पा, सहली, ओळखीचे खेळ दिले. नवे आणि अवघड काही शिकलेल्यांची, विशेषतः फोटोग्राफी शिकलेल्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. गप्पांच्या गटात तसे झाले नाही.

पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाने काय काय बदललेले पाहिले, ते मोजा. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, रुपयाचे ६४ पैसे होते ते १०० झाले. हा तेव्हा शाळकरी पोर होता आणि दुकानातून गूळ-तेल आणताना आण्यांचा हिशेब नव्या पैशांत करत होता. मागोमाग शेर-छटाक जाऊन किलो आले. १९७० मध्ये गुजरातेत संकरित कापूस तयार झाला आणि तो विदर्भातही पेरला गेला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता. बियाणे बदलले, दोन ओळींतले अंतर बदलले, खताचे प्रमाण बदलले, फवारणीचे वेळापत्रक बदलले. यातले काहीही त्याने वर्गात बसून शिकलेले नाही. शेजाऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहून, एका एकरात करून पाहून, फसले तर कृषी केंद्रवाल्याशी भांडून तो शिकला. नव्याची भीती असती तर पऱ्हाटी वीस वर्षांपूर्वीच बंद पडली असती.

मोबाईलही त्याच रीतीने शिकवायला हवा, पण घरात नेमके उलटे होते. नातू चांगला असतो, त्याला घाई असते. ‘द्या इकडं आबाजी’ म्हणून तो मोबाईल घेतो, चार वेळा बोट फिरवतो, ‘झालं’ म्हणून परत देतो. आबाजींना दिसते ते फक्त बोटाचे फिरणे. शिकवणाऱ्यासाठी एकच नियम करायचा तर तो असा, की शिकणाऱ्याचा मोबाईल हातात घ्यायचा नाही. स्वतःचे हात पाठीमागे बांधून तोंडाने सांगायचे. दहा मिनिटे लागतील तिथे दहा मिनिटे लागू द्यायची. एका बैठकीत एकच काम. दुसऱ्या दिवशी तेच, न सांगता करायला लावायचे. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. आठवायला लावलेले टिकते, पुन्हा सांगितलेले टिकत नाही. ज्यांना लिहिता येते त्यांनी आपल्या शब्दांत वहीत लिहावे. ज्यांना येत नाही ते चित्राची जागा लक्षात ठेवतात, म्हणून मोबाईलवरची चित्रे हलणार नाहीत असे कुलूप लावून द्यावे.

पहिले काम कोणते? बहुतेक प्रशिक्षक बँकेपासून सुरू करतात. मी लेकीपासून करीन. हैदराबादला किंवा पुण्याला दिलेल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावणे, तिचा आलेला कॉल उचलणे, तिला बोलून निरोप पाठवणे. इथे चूक झाली तर नुकसान काही नाही, आणि रोज करावेसे वाटते, त्यामुळे सरावाची सक्ती करावी लागत नाही. मग यूट्यूबवर बोलून भजन शोधणे. गूगलचा मराठी आवाजी शोध ऑगस्ट २०१७ पासून आहे. अक्षर न येणाऱ्याला त्याने मोठा दरवाजा उघडला, जरी वऱ्हाडी बोली कानावर पडली की ते यंत्र अधूनमधून भलतेच काहीतरी समजते. हवामान, कापसाचा भाव हेही इथेच. बोट आणि काच यांची ओळख झाली की पैशांकडे वळावे.

पैशांचा धडा संदेश वाचण्यापासून. बँकेचा एसएमएस इंग्रजीत येतो, पण आकडे सगळ्यांना कळतात. बटनाच्या मोबाईलवर नंबर फिरवून फिरवून ते पाठ झालेले आहेत. एसएमएसमध्ये पाहायच्या जागा तीन. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, रक्कम, आणि पैसे आले की गेले ते सांगणारा शब्द. क्रेडिट म्हणजे आले, डेबिट म्हणजे गेले. पासबुकाशेजारी मोबाईल ठेवून दहा जुने संदेश ताडून पाहिले की निरक्षर आजीलाही हे जमते, कारण पैशांचा हिशेब तिला आधीपासूनच येत असतो. त्यासाठी आधी खात्याला जोडलेला नंबर तपासावा लागतो. तो कधीकाळी मुलाचा, जावयाचा, नाहीतर बंद पडलेला निघतो.

अंगठ्यावर पैसे काढण्याच्या सोयीत कार्ड लागत नाही, पिन लागत नाही; बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोट पुरते. गावातल्या गावात पैसे मिळतात, पांढरकवड्याची फेरी वाचते. पण ‘लागला नाही, पुन्हा ठेवा’ असे म्हटल्यावर दुसऱ्यांदा ठेवलेल्या बोटावर दुसऱ्यांदा पैसे निघाले नाहीत ना, हे पाहायला पावती हवी. पावती मागणे ही डिजिटल साक्षरताच आहे. केंद्र चालवणारा ओळखीचा, गावातलाच असतो, त्याच्याकडे पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे वाटते. म्हणून दहा जणांनी एकदम मागायला सुरुवात करावी, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. अंगठ्याने पैसे काढतच नसाल तर आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवता येते. दरमहा काढणाऱ्याला मात्र ते कुलूप जाच होईल.

फसवणुकीबद्दल भाषण कितीही दिले तरी सत्तर वर्षांच्या माणसाला त्यातले दोन-तीन मुद्देच वेळेवर आठवतील. म्हणून तेवढेच सांगावेत. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली ‘पीएम किसान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची, शेवटी एपीके असलेली फाइल उघडायची नाही. ती पत्रिका नसते, ते ॲप असते, आणि आत शिरले की ओटीपीचे संदेश भलत्याकडे जातात. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडायची नाही, कारण त्याचाच मोबाईल आधी फसलेला असतो. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचे नाही, लगेच १९३० ला फोन, मग बँक. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे नुकसान भरून मिळते. आपणच ओटीपी सांगितला असेल तर हे संरक्षण लागू होत नाही. या घरांत लाज हा फार मोठा अडथळा असतो. पोरे रागावतील म्हणून म्हातारा माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात रक्कम चार खात्यांतून फिरून गेलेली असते. सगळी पुंजी असलेले खाते यूपीआयला न जोडता, हजार-दोन हजारांचे वेगळे खाते जोडणे हा मला सर्वांत व्यवहारी उपाय वाटतो.

केळापुरात आणखी एक पेच आहे, जो पुण्या-मुंबईच्या ज्येष्ठ नागरिक संघांना पडत नाही. तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, तिला स्वतःची लिपी नाही. पोडावरच्या आजीला मराठी येते ती बाजाराची, कचेरीची. मोबाईलची मराठी, ‘परवानगी द्या’, ‘रद्द करा’, ‘सुरू ठेवा’ असली, तिच्यासाठी तिसरीच भाषा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमन योजनेत अशा वस्त्यांना आधार, बँक खाते आणि मोबाईलचे टॉवर द्यायचे ठरले आहे. टॉवर आला तरी कोलामीत समजावून सांगणारे माणूस लागणारच, आणि ते पोडावरचेच असले पाहिजे. बचत गटाची एखादी दहावी-बारावी झालेली सून हे काम बाहेरच्या कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा चांगले करील. तिला त्याचे मानधन मिळाले पाहिजे, हे ओघाने आलेच; बायकांच्या अशा कामाला सेवा म्हणून मोकळे होण्याची आपली सवय जुनी आहे.

म्हाताऱ्यांची शाळा चालते का? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन येऊ लागल्या. तिथे अक्षरे शिकवली, मोबाईल नव्हे; पण वर्ग दुपारी, घरकाम आटोपल्यावर, आणि सगळ्या साठीपुढच्याच. सुनेसमोर चुकण्याची लाज तिथे नव्हती.

केरळने मोबाईलचेच करून दाखवले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातली पुल्लमपारा ही पंचायत २०२२ मध्ये पूर्ण डिजिटल साक्षर झाली, आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी सगळ्या राज्याची तशी घोषणा झाली. तिथे वरची वयोमर्यादा काढून टाकली होती. नव्वदी पार केलेले हजारो लोक आणि शंभरी ओलांडलेले एक आजोबाही शिकलेल्यांत होते. स्वयंसेवक घरी गेले, रोजगार हमीच्या कामावर गेले, जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली शिकवले. रोजगार हमी ही कल्पना मूळची आपली, महाराष्ट्राची; तिच्या सुट्टीत मोबाईल शिकवायचे मात्र केरळला सुचले.

आपल्याकडे सोय अगदीच नाही असे नाही. २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या उल्लास या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरचा कोणीही बसतो, वरची मर्यादा नाही, आणि डिजिटल साक्षरता हा त्याचा एक भाग आहे. १७ मार्च २०२४ च्या परीक्षेला महाराष्ट्रात हाती काठी घेऊन आलेले परीक्षार्थी होते. शिक्षक तेच, शाळा तीच, यादीही तयार आहे. केळापुरात वेळ तेवढी नीट निवडावी लागेल. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी शिबिर भरवणे कागदावर छान दिसते, पण तेव्हा वेचणी ऐन भरात असते आणि हात असलेले कोणीही माणूस घरी सापडत नाही. कापूस घरात आला, तूर निघाली, की मार्चपासून मोकळीक. उन्हाळ्यात दुपारी इथे बाहेर पडवत नाही, म्हणून वर्ग सकाळी आठच्या आत, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पांढरकवड्यात किंवा पाटणबोरीत, एसटीने आलेली म्हातारी माणसे परतीच्या गाडीची वाट पाहत बसलेली असतात तिथेच. पेरणी सुरू होईपर्यंत तीन महिने मिळतात.